कडू साल आणि तिचं माप

पोरी, फार्मसीची पदवी घेऊन तू आता औषधांच्या दुकानात बसतेस. पुस्तकातलं तुला माझ्यापेक्षा ताजं ठाऊक आहे, त्यामुळे ते मी सांगणार नाही. मी सांगते ते गल्ल्यापाशी उभं राहून कळलेलं, आणि त्यातलंही बरंचसं तुझ्या आजोबांचं, म्हणजे माझ्या बाबांचं. ते हिवतापाच्या मुलखात सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. कोयनेलचं मिक्श्चर बाटलीत भरायचं, खाचा कापलेली कागदाची पट्टी बाटलीला बाहेरून चिकटवायची, एक खाच म्हणजे एक मात्रा, असं त्यांचं काम. पट्टी वाकडी चिकटली तर ते ती भिजवून काढत आणि पुन्हा सरळ लावत. रांगेतली माणसं कुरकुरायची, पण बाबा ऐकायचे नाहीत. त्या पट्टीत काय होतं ते तुला कळावं म्हणून हे सगळं लिहिते आहे.

हल्ली माणसं मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "ही दक्षिण अमेरिकेतल्या जंगलातली साल आहे, काढा करून प्यायला चालेल ना?" अशा वेळी तू सिंकोनाची गोष्ट मनात धर. कोयनेल म्हणजे क्विनीन ज्या सालीतून निघालं, ती ही साल. माणसाला तिच्याइतका मोठा उपकार थोड्याच झाडांनी केला असेल, आणि तिने शिकवलेले धडे थोड्याच माणसांनी लक्षात ठेवले असतील. सालीबद्दल विचारणाऱ्याला हसू नकोस. साल हे खरंखुरं औषध असू शकतं, आणि म्हणूनच जपून राहावं लागतं.

पहिला प्रश्न नेहमी झाडाचा. कुठलं झाड, त्याचं शास्त्रीय नाव काय, साल बाहेरची की आतली? एक्वादोर, पेरू आणि बोलिव्हिया या देशांतल्या अँडीज पर्वताच्या उतारांवर सिंकोनाच्या वीस-पंचवीस जाती वाढतात. लांबून सगळ्या सारख्या दिसतात. लोहा नावाच्या गावाच्या आसपासची साल सतराव्या शतकात युरोपात गेली. तिथले जेझुइट पाद्री ती पाठवायचे, म्हणून तिला जेझुइटांची पूड म्हणत. मागणी वाढली तशी भेसळ वाढली. दुसऱ्याच झाडांच्या साली कडू द्रव्यांत भिजवून पिंपांत भरल्या जाऊ लागल्या. मग कुणाचा ताप तीन दिवसांत उतरायचा आणि कुणाचा महिनाभर हलायचा नाही. डॉक्टर आपसांत भांडत राहिले, एक म्हणे रामबाण आहे, दुसरा म्हणे थोतांड आहे. दोघेही आपापल्या रुग्णाबद्दल खरंच बोलत होते, कारण दोघांच्या पुडीत वेगवेगळी साल होती. आज तुझ्यापुढे येणाऱ्या पाकिटावर नुसतं 'ॲमेझॉन बार्क' किंवा 'रेड बार्क' लिहिलेलं असेल, तर माल याच जातीचा समज. ज्या पुडीवर झाडाचं पूर्ण नाव, बॅच नंबर आणि बनवणाऱ्याचा पत्ता नाही, ती पुडी दुकानात ठेवायची नाही. स्वस्त मिळाली तरी नाही, ओळखीच्याने आणून दिली तरी नाही.

पुडीबरोबर गोष्ट येते, तिलाही भुलू नकोस. सिंकोनाची गोष्ट अशी सांगतात की पेरूच्या व्हाइसरॉयची बायको, चिंचोनची काउंटेस, या सालीने हिवतापातून बरी झाली आणि तिने ती स्पेनला नेली. लिनियसने १७४२ मध्ये झाडाला नाव दिलं तेही तिच्यावरूनच. पण त्या काळच्या लिमाच्या रोजनिशीत काउंटेसच्या या आजाराचा पत्ताच नाही. ताप यायचा तो व्हाइसरॉयला. गोष्ट खोटी, तरी साल खरी होती. उलटही होतं, गोष्ट सुंदर असते आणि पुडीत लाकडाचा भुसा असतो. 'आदिवासी हजारो वर्षं घेत आले' हे वाक्य पाकिटावर दिसलं की ते बाजूला ठेव आणि आत काय आहे ते विचार. आदिवासींच्या ज्ञानाला माझा हात जोडून नमस्कार आहे. बोलिव्हियातल्या मानुएल इंक्रा मामानी या ऐमारा माणसाने उत्तम जातीची झाडं कोणती ते ओळखून त्यांचं बी चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याला मिळवून दिलं. या बियांपायी पुढे मामानीला तुरुंगात घातलं, मारहाण झाली, आणि सुटल्यावर लवकरच त्याचा जीव गेला. त्याला ठाऊक होतं कुठलं झाड, कुठल्या डोंगरावरचं. पाकीट विकणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

छुप्या नुस्ख्यांचंही तसंच. रॉबर्ट टॅल्बर नावाच्या इंग्रज वैदूने सतराव्या शतकात लोकांना जेझुइटांच्या पुडीपासून सावध राहायला सांगितलं आणि स्वतःचं गुप्त औषध विकलं. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स त्याने बरा झाला, फ्रान्सच्या राजपुत्राचाही ताप उतरला. चौदाव्या लुईने ते गुपित पैसे मोजून विकत घेतलं. टॅल्बर मेल्यावर ते छापलं गेलं तेव्हा कळलं की त्यात गुलाबाच्या पाकळ्या होत्या, लिंबाचा रस होता, दारू होती, आणि हीच साल होती. तुझ्या दुकानात कुणी 'फॉर्म्युला गुप्त आहे' म्हणून बाटली ठेवायला आला, तर त्याला चहा दे आणि बाटली परत दे. रुग्णाला रात्री त्रास झाला तर डॉक्टरने कशावर उपचार करायचे?

आता मापाकडे येते, कारण खरी गोम तिथेच आहे. टॅल्बरच्या लिंबात आणि दारूत एक शहाणपण होतं. सिंकोनाच्या सालीतली अल्कलॉइडं साध्या पाण्यात नीट उतरत नाहीत, आंबटात आणि दारूत उतरतात. घरी पातेल्यात साल उकळली तर किती क्विनीन पाण्यात आलं, किती चोथ्यात राहिलं, किती काढा थंड झाल्यावर तळाशी बसलं, हे कुणी सांगू शकत नाही. त्यात सालीसालीत फरक. काही झाडांच्या सालीत क्विनीन टक्का-दोन टक्के असतं. लेजरने पाठवलेल्या बियांपासून डच लोकांनी जावात जी झाडं वाढवली, त्यांच्या सालीत ते दहा टक्क्यांच्याही पुढे गेलं. म्हणजे त्याच चमच्यात एकदा एक मात्रा आणि एकदा पाच-सहा. आणि या औषधात उपकार करणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडं आहे. क्विनीन एकदम काही ग्रॅम पोटात गेलं तर धडधाकट माणूस दगावतो. लहान मुलाला त्याहून कितीतरी कमी पुरतं.

पेलेतिए आणि काव्हाँतू या दोघा फ्रेंच औषधनिर्मात्यांनी १८२० मध्ये सालीतून क्विनीन वेगळं काढलं. दोघेही तुझ्याच धंद्यातले, फार्मसिस्ट. त्यांच्या आधी जवळजवळ दोन शतकं माणसं साल दळून दारूत कालवून गिळत होती, त्यांनी ती मिलिग्रॅमच्या हिशेबात आणली. तिथून पुढे डॉक्टरला सांगता येऊ लागलं की एवढं घे, इतक्या तासांनी घे, इतके दिवस घे. आजोबांची कागदाची पट्टी ती हीच. सालीत चार मुख्य अल्कलॉइडं आहेत : क्विनीन, क्विनिडीन, सिंकोनीन आणि सिंकोनिडीन. आपल्याकडे मद्रासमध्ये १८६६ ते १८६८ या काळात चारही तापाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि चारही चालतात असं आढळलं. पण त्यातल्या क्विनिडीनचा हृदयाच्या ठोक्यांवर जोरदार परिणाम होतो. पुढे ते हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचं औषध म्हणून वापरात आलं. काढा पिणारा ही चारही एकदम पितो, आणि कुठलं किती ते न कळता पितो.

आपल्या देशाचा या सालीशी संबंध जुना. इंग्रजांनी १८६० च्या सुमारास क्लेमेंट्स मार्कमला दक्षिण अमेरिकेत पाठवून रोपं आणि बी आणवलं आणि निलगिरीत, मग दार्जिलिंगजवळ मंगपूला लागवड केली. उटीच्या सरकारी बागेचा अधीक्षक मॅकायव्हर याने एक युक्ती काढली. झाड न तोडता सालीच्या उभ्या पट्ट्या काढायच्या आणि उघडी जागा शेवाळाने झाकायची. साल पुन्हा धरायची, आणि नव्या सालीत क्विनीन जास्त निघायचं. अँडीजमध्ये मात्र झाडंच्या झाडं तोडून साल काढली गेली. हे तुला अशासाठी सांगते की साल काढणं म्हणजे पानं खुडणं नव्हे. खोडाची साल सगळीकडून गोल काढली की झाड वाळतंच. सालीचं औषध विकणाऱ्याला हेही विचारायला हवं की झाड उभं आहे का.

बंगालमध्ये १८९२ पासून क्विनीनच्या पुड्या पोस्टातून पैशाला एक अशा मिळू लागल्या. गावागावात पोस्ट होतं, दवाखाना नव्हता. प्रत्येक पुडीत मोजलेली पूड. गरिबापर्यंत औषध पोचवायचं तर असं पोचवायचं, मोजून. कुणाच्याही हातात साल देऊन 'उकळून घे' म्हणणं सोपं होतं, पण त्यांनी ते केलं नाही.

बाबांचा एक नेम होता. मिक्श्चर नेलेला माणूस दुसऱ्या दिवशी आला की ते पहिलं विचारायचे, "कान वाजतात का?" ताप उतरला का हे नंतर. क्विनीन अंगात जास्त झालं की कानात गुणगुण सुरू होते, ऐकू कमी येतं, डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, नजर धूसर होते. याला सिंकोनिझम म्हणतात हे तू शिकलीच आहेस. थोडी गुणगुण योग्य मात्रेतही होते आणि औषध थांबल्यावर जाते. पण नजर अंधुक होणं, छातीत धडधडणं, भोवळ येऊन पडणं, लघवी चहासारखी काळपट होणं, अंगावर जांभळे ठिपके उठणं, यातलं एकही दिसलं तर थांबायचं नाही, थेट रुग्णालय. जास्त क्विनीनने गेलेली दृष्टी कधीकधी परत येत नाही. जांभळे ठिपके म्हणजे रक्तातल्या प्लेटलेट घसरल्या असण्याची शक्यता, आणि ते मात्रेवर अवलंबून नसतं. ज्याच्या शरीराला क्विनीनचं वावडं आहे त्याला टॉनिक वॉटरच्या पेल्यानेही ते झालेलं आहे. म्हणून तूही विचारत जा, कान वाजतात का, ठिपके उठलेत का. साधे शब्द वापर. 'साइड इफेक्ट आहे का' विचारलंस तर माणूस 'नाही' म्हणून निघून जातो.

कुणाला ही साल अजिबात द्यायची नाही हे पाठच करून ठेव. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्याला नाही, त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्याला नाही. मायस्थेनिया असलेल्याला नाही. ज्याला पूर्वी क्विनीनने त्रास झालाय त्याला तर नाहीच. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याबाबत विशेष सावध राहा, क्विनीन इन्शुलिन वाढवतं आणि साखर अचानक उतरते. रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असेल, हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल, तर त्यांचा जोर वाढतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही प्रतिजैविकं सोबत असली तर हृदयाची लय बिघडण्याचा धोका वाढतो. म्हणून काढ्याची गोष्ट निघाली की पहिल्यांदा म्हण, "घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन या." लोक काढ्याला औषध धरतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरला सांगत नाहीत. ते आपण विचारून काढायचं.

आणि एक नाजूक गोष्ट. दिवस गेलेले नको आहेत म्हणून कोयनेल किंवा कुठली तरी कडू साल मागायला एखादी मुलगी येईल, किंवा तिच्या वतीने कुणी येईल. हा फार जुना आणि फार घातक समज आहे. त्या मात्रेने गर्भ पडेलच असं नाही, आईचे डोळे जाऊ शकतात, जीव जाऊ शकतो, आणि गर्भ राहिला तर मुलाला बहिरेपण येऊ शकतं. तिला रागावू नकोस. आडोशाला घे, आपल्या देशात कायदेशीर आणि सुरक्षित गर्भपाताची सोय आहे हे सांग, आणि सरकारी रुग्णालयात कुठल्या खिडकीवर जायचं ते लिहून दे. हे काम आहे आपलं.

हिवतापाचं आता. हुडहुडी भरून ताप येतो, दिवसाआड येतो, म्हणून कुणी कडू साल मागितली तर एकच उत्तर द्यायचं, आधी रक्त तपासा. बोटाला टोचून पंधरा-वीस मिनिटांत निदान होतं. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात आशा कार्यकर्तीकडेही तपासणीची पट्टी असते. व्हायवॅक्स जातीचा हिवताप निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस. फाल्सिपेरम निघाला तर आर्टेमिसिनिनची जोड-औषधं. आर्टेमिसिनिनही एका वनस्पतीतूनच आलेलं आहे, पण तेही गोळीत मोजून. गर्भवतीला आणि तान्ह्या मुलाला प्रायमाक्विन द्यायचं नाही, आणि देण्याआधी जी-सिक्स-पीडी पाहायचं, हे डॉक्टर बघतील, तुझंही लक्ष असू दे. सालीने ताप उतरतो यात खोटं काही नाही. पण क्विनीन रक्तातल्या जंतूंना मारतं, व्हायवॅक्सचे यकृतात दडून बसलेले जंतू तसेच राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी ताप पुन्हा येतो. फाल्सिपेरममध्ये तर अर्धवट मात्रेवर एक दिवस घालवला तरी आजार मेंदूपर्यंत जाऊ शकतो. शुद्ध क्विनीनचा पुरा उपचार म्हणजे प्रौढाला ६०० मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून तीनदा, सात दिवस, तीही डॉक्टरच्या नजरेखाली. काढ्याचा एक कप या हिशेबात कुठे बसतो? चौदा दिवसांची गोळी पाचव्या दिवशी सोडणारेही भेटतील तुला. ताप गेला म्हणून सोडतात. त्यांच्या पाकिटावर तारीख लिहून दे आणि त्या तारखेला विचार.

म्हातारी माणसं रात्री पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून क्विनीन मागतात. कुणा परदेशातल्या मुलाने सांगितलेलं असतं. गोळे थोडे कमी होतात हे खरं, पण त्यासाठी ठिपके, ठोके आणि डोळे पणाला लावावे एवढं ते दुखणं नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये या कामासाठी चिठ्ठीशिवाय होणारी क्विनीनची विक्री बंदच केली. झोपण्याआधी पोटरी ताणायचा व्यायाम करा, पाणी पुरेसं प्या, आणि मूत्रल गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा, एवढं सांग. टॉनिक वॉटरने हिवताप टळतो असं समजून पिणारेही आहेत. अमेरिकेत त्यात लिटरला ८३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्विनीन घालता येत नाही. वर सांगितलेल्या रोजच्या १८०० मिलिग्रॅमशी ताडून पाहा. मच्छरदाणी बरी.

होमिओपॅथीतलं 'चायना' आपल्याकडे घरोघरी असतं, ते याच सालीचं. हानेमान यांनी १७९० मध्ये सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली, त्यांना तापासारखी लक्षणं जाणवली, आणि त्यातून त्यांची पद्धत उभी राहिली. वाढत्या पोटन्सीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांत क्विनीन उरत नाही, त्यामुळे त्यांनी विषबाधा होत नाही आणि हिवतापही बरा होत नाही. मदर टिंक्चरमध्ये मात्र सालीचा खरा अर्क असतो. 'होमिओपॅथीचं आहे, काही होत नाही' म्हणून ते चमच्याने घेणाऱ्याला थांबव.

आता दुसऱ्या सालीबद्दल, कारण हल्ली तिच्याबद्दल जास्त विचारतात. लपाचो, किंवा पाउ दार्को. ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिना भागातलं गुलाबी फुलांचं झाड, आतल्या सालीचा तांबूस काढा. कॅन्सरवर चालतो म्हणून विकतात. त्यातल्या लपाचोल या द्रव्याने प्रयोगशाळेत गाठींवर परिणाम दाखवला होता हे खरं आहे, म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ते माणसांत तपासलं. उपयोग होईल एवढं द्रव्य रक्तात टिकेना, आणि मात्रा वाढवली की मळमळ, उलट्या, रक्त गोठायला वेळ लागणं. संशोधन तिथेच थांबवलं. ज्याला केमोथेरपी चालू आहे, ज्याच्या प्लेटलेट आधीच खाली आहेत, अशा माणसाला रक्त न गोठू देणारा काढा देणं म्हणजे काय ते तुला सांगायला नको. नातेवाईक फार आशेने आलेले असतात. त्यांना झिडकारू नकोस, पण 'घेऊन बघा, तोटा नाही' हे वाक्य तुझ्या तोंडून कधी जाऊ देऊ नकोस. तोटा आहे. पाकीट घेऊन कर्करोगतज्ज्ञांना दाखवा म्हण, आणि ते त्यांनी दाखवलं का याची चौकशी कर.

मुंबईत विक्रोळीला पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला दरवर्षी गुलाबी फुलांनी भरलेली झाडं दिसतात, लोक फोटो काढायला गर्दी करतात. ती टॅबेबुया रोझिया, लपाचोची जवळची नातलग, पण झाड वेगळं. फोटोवरून कुणाला वाटेल की साल फुकट मिळाली. ती खरवडायची नाही आणि प्यायचीही नाही.

हा झाड ओळखण्याचा प्रश्न आपल्या मातीतही तेवढाच खरा आहे. सातविणीची साल आपल्याकडे तापावर फार जुन्या काळापासून देत आले. तुळू भागात आषाढी अमावस्येला पहाटे, अंधारातच, सातविणीची साल दगडाने ठेचून काढतात आणि तिचा कडू रस घरातल्या सगळ्यांना देतात. त्याच रानात काजऱ्याचं झाड असतं. त्यात स्ट्रिक्नीन आहे, आणि अंधारात एक झाड चुकलं तर काय होईल ते सांगायला नको. परंपरा पाळायची तर ज्याला झाड उजेडात ओळखता येतं त्यानेच ते आदल्या दिवशी खूण करून ठेवावं. रोक्सबर्ग यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी आपल्या रोहिणीच्या सालीलाही सिंकोनाचा पर्याय म्हणून पुढे केलं होतं, पण त्यात क्विनीन नव्हतं. कडू लागलं म्हणजे कोयनेल झालं असं नाही. जीभ साल ओळखू शकत नाही.

एवढं सगळं ऐकून तुला वाटेल की आत्या सालींवर उठली आहे. तसं नाही गं. चिलीमध्ये किलाया नावाचं झाड आहे. तिथल्या मापुचे लोकांनी त्याची साल पाण्यात घोळून फेस काढला, कपडे-केस धुतले. त्या सालीतलं सॅपोनिन शुद्ध करून आज लशींमध्ये वापरतात, म्हणजे शरीराचा प्रतिसाद जोरदार व्हावा म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मलेरियाच्या पहिल्या लशीची शिफारस केली, त्यात ते आहे. २०२३ मध्ये शिफारस झालेली दुसरी लस, ऑक्सफर्डची आर-ट्वेंटीवन, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते, तिच्यातही ते आहे. २०२४ पासून ती आफ्रिकेतल्या मुलांना मिळू लागली. हिवतापावर दक्षिण अमेरिकेतल्या झाडाची साल पुन्हा कामाला आली, आणि तीही आपल्या पुण्यातून. मला याचा फार आनंद आहे. पण तीच साल कुणी चहासारखी उकळून पिईल तर पोट आणि रक्तपेशी बिघडवील. लशीत तिचा अंश मायक्रोग्रॅममध्ये मोजलेला असतो.

शेवटी एक कामाचं, हे गल्ल्याच्या आतल्या बाजूला लिहून चिकटव. कुणी साल घेतली आणि त्रास होऊ लागला असा फोन आला, तर ओकारी काढायला लावू नकोस. मीठपाणी नको, ताक नको, दुसरा काढा तर नकोच. पुडी, उरलेली साल, पातेल्यातला चोथा आणि उरलेला काढा पिशवीत भरून सोबत न्यायला सांग. किती वाजता घेतलं, किती घेतलं आणि वय-वजन कागदावर लिहायला सांग. रुग्णाला एकट्याने स्कूटर चालवत जाऊ देऊ नका म्हण, भोवळ येऊ शकते. मधुमेही असेल तर साखर लगेच मोजायला सांग. डॉक्टरांना सल्ला लागला तर दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोनवर असतं, त्याचा नंबर आजच शोधून त्याच कागदावर लिहून ठेव. आणि लक्षणं थांबली म्हणून कुणी अर्ध्या वाटेवरून घरी परतायला निघालं, तर परतू देऊ नकोस. क्विनीनचा हृदयावरचा आणि डोळ्यांवरचा परिणाम काही तासांनी दिसतो, त्यामुळे तेवढा वेळ त्यांनी रुग्णालयातच असायला हवं.